खळ्याचा नकाशा

आमच्या वाडीचा फोटो आकाशातून निघणार आहे, ही बातमी वाडीत पोचली तेव्हा मी मंडणगडला माहेरी होते. भावाच्या नातवाचं बारसं होतं. मी घरी असते तर पुढचं सगळं टळलं असतं, असं आमचे हे अजून म्हणतात. टळलं असतं की नाही कोण जाणे, पण खापर फोडायला त्यांना माझं डोकं आयतं मिळालं.

मेसेज वाडीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर आला होता. रत्नागिरी शहराचा नवा विकास आराखडा होणार, त्यासाठी सरकारी योजनेतून ड्रोनने मोजणी होणार, उद्या सकाळी ड्रोन येईल, नागरिकांनी सहकार्य करावं. सहकार्य म्हणजे नेमकं काय करायचं, ते लिहिलं नव्हतं. आमच्या वाडीला ते सांगावं लागत नाही. बाहेरची माणसं यायची असली की आधी खळं साफ करायचं, एवढंच सहकार्य आम्हाला ठाऊक.

खळं म्हणजे मासे सुकत घालायची जागा. आमचं खळं घरांच्या आणि समुद्राच्या मध्ये. खाली सपाट कातळ, त्यावर माती टाकून, चोपून, शेणाने सारवून केलेली जमीन, भरतीचं पाणी पोचणार नाही एवढी उंच. पावसाळा संपला की मेअखेरपर्यंत तिथे जवळा, मांदेली, खारवलेले बांगडे पसरलेले असायचे. दिवसभर ऊन आणि समुद्राकडून वारा. वास यायचा, येणारच. मी शेतकऱ्याची मुलगी. लग्न होऊन आले तेव्हा सुरुवातीला नाकाला पदर लावूनच वावरायचे. तेव्हा वयनी मला म्हणाली होती, "नाक माहेरी ठेवून यायचां होतां."

वयनी म्हणजे माझी थोरली जाऊ. घरात लहानथोर सगळेच तिला वयनी म्हणतात. तोंडावर मी तिला 'तुमी' म्हणते, मनात 'तू', आणि इथे मनातलं लिहायचं आहे म्हणून 'तू'च चालवते. माझे दीर आजारपणात गेले, त्यानंतर तिने दोन मुलं वाढवली ती या खळ्यावर. मुलं आता मुंबईला असतात. दोघंही आईला तिकडे बोलावतात आणि ती दर वेळी काहीतरी कारण काढते. तिला कोणाच्या हाताकडे बघत जगायचं नाही, हे खरं कारण. जेटीवरून मासळी घ्यायची, मीठ लावायचं, सुकवायची आणि घरातूनच विकायची, हा तिचा धंदा. मीठ किती, उलथायचं कधी, कावळ्यांपासून राखायला वर जाळं कसं टाकायचं, यात ती कोणाचं ऐकत नाही. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं तर ती मासे परत टोपलीत टाकते. तिच्याकडून सुकी मासळी नेणारी घरं ठरलेली आहेत आणि त्यातली निम्मी, आमच्या वाडीच्या वासाने नाकं मुरडणाऱ्यांची आहेत.

या वासावरून आम्ही आयुष्यभर ऐकून घेतलंय. शाळेत आमच्या मुलांशेजारी मुलं बसायची नाहीत. रिक्षावाले वाडीच्या तोंडाशीच उतरवायचे. म्हणून मग शाळा तपासायला साहेब येणार असोत, मुलगी बघायला पाहुणे येणार असोत की मतं मागायला पुढारी, बायका आदल्या संध्याकाळीच मासे गोळा करून घरात नेणार, खळं झाडणार, सडा घालणार. कोणी शिकवलं नाही, कोणी सांगत नाही. पाहुण्यांपुढे वास जाता कामा नये, ही आमची रीत.

ड्रोनच्या बाबतीतही तेच झालं. आदल्या दिवशी मोजणीच्या कंपनीची दोन माणसं येऊन खळ्याच्या कोपऱ्यात चुन्याची मोठी फुली मारून गेली. ड्रोनला वरून खूण दिसावी म्हणून ती असते. नुसती फुली कशी उघडीबोडकी दिसते, म्हणून शेजारच्या सुनेने तिच्याभोवती ठिपक्यांची रांगोळी काढली. मासे उचलले, जाळी उचलली, टोपल्या, मिठाचे पिंप, कावळे हाकलायच्या काठ्या, सगळं घरात. वयनीने चहाला दूध जास्तीचं घेतलं. सकाळी डोक्यावर काहीतरी भुणभुणत आलं, वाडीवरून दोन-चार फेऱ्या मारून गेलं आणि संपलं. खाली कोणी उतरलंच नाही. वयनीला त्याचं फार वाईट वाटलं. मी परत आल्यावर तिने मला आधी सांगितलं ते हे, की दूध वाया गेलं.

मी हसले. तेव्हा हसण्यासारखंच होतं. तोवर मासे पुन्हा खळ्यावर पसरलेही होते.

पुढे काही महिने काहीच झालं नाही. मधे एकदा पडताळणीला माणसं आली, तीही आधी कळवून, म्हणजे खळं पुन्हा झाडलेलं, आणि दारातच उभी राहून गेली. टॅबवर बघून त्यांनी विचारलं, समोरची जागा कोणाची? आमच्या ह्यांनी खरं ते सांगितलं, की जागा सरकारची. सातबाऱ्यावर आमचं नाव नाही, कधी नव्हतं. वापरतं कोण, हे त्यांनी विचारलं नाही आणि ह्यांनी आपण होऊन सांगितलं नाही. न विचारलेलं बोलायचं नाही, हा आमच्या ह्यांचा बाणा, आणि तो नेमका नको तिथे आठवतो.

मग प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला. म्हणजे वेबसाइटवर टाकला. पुतण्याने मुंबईहून तो माझ्या फोनवर पाठवला, खाली लिहिलं, काकू, खळं बघ. फाइल इतकी मोठी की उघडेपर्यंत भाताला कढ आला. उघडली तर सगळं रत्नागिरी रंगीत. पिवळं, निळं, जांभळं, हिरवं. बोटांनी ताणत ताणत मी वाडीपर्यंत आले. आमच्या न्हाणीघराला स्वतंत्र इमारतीचा मान मिळाला होता. शेजारच्या गोठ्यालाही. घरामागचा माड एकेक करून मोजलेला. आणि खळ्याच्या जागी एक करडा चौकोन, त्यावर आकडा. आकड्याचा अर्थ शोधायला शेवटच्या पानावर गेले. तिथे लिहिलं होतं: सद्यस्थिती, रिकामी जागा. प्रस्तावित वापर, वाहनतळ व पर्यटक सुविधा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. न्हाणीघर दिसतं, माड दिसतो आणि जिच्यावर घरं चालतात ती जागा दिसत नाही. वयनी समोर बसून कोलंबी सोलत होती. मी तिला वाचून दाखवलं. तिने विचारलं, वाहनतळ म्हणजे काय? मी सांगितलं, गाड्या लावायची जागा. ती म्हणाली, आपल्याकडे कुठे गाड्या आहेत? आणि कोलंबी सोलत राहिली. तिला वाटलं माझी वाचण्यात काहीतरी चूक होतेय.

आयुष्यभर मी एका शाळेच्या ऑफिसात टायपिंग केलं आहे. त्यामुळे वाडीत कोणाचाही अर्ज असो, तो माझ्या गळ्यात पडतो. दुसऱ्या दिवशी मी योजनेच्या कार्यालयात गेले. एका दुकानावरच्या भाड्याच्या खोल्यांमध्ये हे कार्यालय थाटलं होतं. तिथे लातूरकडची एक इंजिनीअर बाई होती, तिशीतली, बोलायला चांगली. तिने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मोठ्या पडद्यावर आमची वाडी उघडून दाखवली. खरं सांगते, क्षणभर मी राग विसरले. आमची कौलं, पायवाटा, विहिरीची कड, दोरीवर वाळत घातलेली वयनीची साडीसुद्धा दिसत होती. एवढं स्पष्ट मी माझं घर कधी पाहिलं नव्हतं.

तिने समजावलं. फोटोवरून कॉम्प्युटर ओळखतो की हे छप्पर, हा रस्ता, हे झाड, हे पाणी. ज्या जागेवर यातलं काहीच नाही ती रिकामी. मग माणसं जाऊन खात्री करतात. मी म्हटलं, त्या दिवशी बायकांनी मासे उचलून ठेवले होते. तिला आधी कळेचना. का उचलले? मी सांगितलं, तुम्ही येणार म्हणून. मग ती पडद्यावर खळ्याच्या कोपऱ्याकडे बोट नेऊन म्हणाली, तरीच, ही फुली आमच्या कॉम्प्युटरला सापडली नव्हती, भोवती रांगोळी होती, आम्हाला हाताने खूण करावी लागली.

म्हणजे रांगोळी त्यांना दिसली होती. ती कोणी तरी काढली असणार, ज्या अर्थी काढली त्या अर्थी तिथे माणसं वावरत असणार, एवढा साधा विचार त्या अख्ख्या कार्यालयात कोणाच्या डोक्यात आला नाही. आता ते मी तिला म्हटलं नाही. बिचारी नोकरी करत होती. तिने सांगितलं की नकाशा दुरुस्त करायचे अधिकार तिला नाहीत, पण हरकत नोंदवा, सुनावणी होईल. मी घरी येऊन हरकत टाइप केली, वाडीतल्या बायकांच्या सह्या-अंगठे घेतले आणि पोच घेऊन आले. दोन महिन्यांनी सुनावणीचं बोलावणं आलं.

सुनावणीला वयनीने यायलाच हवं, असा मी आग्रह धरला. खळ्यावर तिच्याइतकं कोणाचं पोट नव्हतं. ती आली, आणि कशी आली? दोनदा साबण लावून अंघोळ करून, लग्नकार्यात नेसायची साडी नेसून, केसांत अबोलीचा वळेसर माळून. माशाचा वास म्हणून नावाला नाही. मासे सुकवणारी बाई असं तिच्याकडे बघून कोणी म्हटलं नसतं. रिक्षात मी तिला म्हटलंसुद्धा, वयनी, आज तरी तशाच यायचं होतं. ती माझ्यावर रागावली. साहेबांपुढे घाण होऊन जायचं का, म्हणाली.

हॉलमध्ये गर्दी होती. कोणाच्या घरावरून रस्ता गेलेला, कोणाच्या आंब्याच्या बागेत बगीचा आलेला. बागेत बगीचा ऐकून आम्हाला हसू आलं, पण तो माणूस रडकुंडीला आला होता. आमचा नंबर लागला तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. साहेब वयस्कर होते, दमलेले होते, पण अंगावर आले नाहीत. त्यांनी आमचा अर्ज वाचला, पडद्यावर खळं लावायला सांगितलं आणि वयनीला विचारलं, "बाई, तुम्ही म्हणता इथे मासे सुकवता. या फोटोत तर एक मासा दिसत नाही."

वयनी उभी राहिली. "कसा दिसंल? तुमी येनार म्हनून आमी उचलले. घान दाखवायची काय पावन्यांना?"

हॉल हसला. मागे बसलेली माणसं खो खो हसली. वयनीला वाटलं आपलं काही चुकलं, म्हणून ती खाली बसली आणि पदर सारखा करत राहिली. मला त्या हसणाऱ्यांच्या एकेकाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. साहेब मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, फोटो परत काढता येणार नाही, पण जागेची पाहणी करून घेऊ. एवढ्यावर मी खूश झाले. वयनीला चहा पाजला, भजी खायला घातली. सरकारचा माणूस प्रत्यक्ष येऊन बघणार म्हटल्यावर आणखी काय हवं होतं?

पाहणीला माणूस आला तो जुलैमध्ये.

जुलैमध्ये मासेमारी बंद असते हे रत्नागिरीत शेंबड्या पोराला कळतं. त्या दिवसांत आमच्या होड्या ओढून खळ्यावर घेतात, झापं आणि प्लॅस्टिक टाकून बांधून ठेवतात. माडाच्या विणलेल्या झावळ्या म्हणजे झापं. पाहणीला आलेला अधिकारी छत्री सांभाळत खळ्यावर उभा राहिला, ओळीने लावलेल्या होड्यांकडे त्याने बघितलं आणि मला विचारलं, "म्हणजे इथे आत्ताही पार्किंगच होतं?"

मी त्याला सगळं सांगितलं. पावसाळ्यात होड्या, पावसाळा संपला की मासे, जागा एक, वापर दोन, रिकामी कधीच नसते. घरात नेऊन सुकवलेले बांगडे दाखवले, मिठाचे पिंप दाखवले, वयनीचे मिठाने फुटलेले हात दाखवले. तो नाही म्हणाला नाही. त्याने सगळं लिहून घेतलं, फोटो काढले, वयनीने दिलेला चहा प्याला. चहा उभ्यानेच प्याला, पण प्याला. जाताना म्हणाला, काळजी करू नका, मासे सुकवायला जागा मिळेल याची नोंद घेतो. त्याचं हे वाक्य मी नीट ऐकायला हवं होतं. जागा राहील असं तो म्हणाला नव्हता.

आराखडा मंजूर झाला आणि त्यात आम्हाला जागा मिळाली. खोटं नाही, खरंच मिळाली. नव्या नकाशात एक छोटा निळा चौकोन होता, आणि शेवटच्या पानावर 'मासळी सुकवण्याची सुविधा' अशी ओळ. शहराच्या नकाशावर आमचा धंदा पहिल्यांदा अक्षरांत लिहिला गेला. वाडीत पेढे वाटले. बायका माझ्याकडे येऊन म्हणाल्या, तुझ्यामुळे झालां गो बाय. मी पण थोडी फुगले. नंतर चष्मा पुसून पुन्हा बघितलं तेव्हा लक्षात आलं, की निळा चौकोन खळ्यावर नव्हता. खळं होतं तसंच करडं होतं. निळा चौकोन होता खाडीच्या बाजूला, बंधाऱ्याच्या आत, टेकडीच्या पायथ्याला.

पुन्हा कार्यालय. लातूरची बाई बदलून गेली होती. तिच्या जागी एक गृहस्थ होते, त्यांनी मला खुर्ची दिली नाही. ते म्हणाले, आपली मागणी मान्य झाली आहे, आता काय? मी म्हटलं, मागणी खळ्याची होती. ते म्हणाले, मागणी मासे सुकवण्याच्या जागेची होती. तेवढीच जागा दिली आहे, रस्त्याला लागून दिली आहे, सरकारी आहे, कोणाचा वाद नाही. वर पक्कं बांधकाम करून देत आहोत. मी म्हटलं, तिथे वारा लागत नाही. त्यांनी पडद्यावर तो चौकोन मोठा करून मला दाखवला, जणू मी पाहिलाच नव्हता, आणि म्हणाले, पूर्ण मोकळी जागा आहे ताई. त्या माणसाशी मी बराच वेळ वाद घातला. त्याने एकदाही आवाज चढवला नाही. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. नम्र माणसाशी भांडून आपणच कजाग ठरतो.

पुढच्या हंगामाच्या आत ओटा बांधून झाला. सिमेंटचा, गुळगुळीत, कडेला पाणी जायला पन्हळ. आणि वर छप्पर.

मी परत सांगते, वर छप्पर. मासे सुकवायच्या ओट्यावर हिरव्या पत्र्याचं छप्पर, लाभार्थी महिलांना ऊन लागू नये म्हणून. हे मी रचून सांगत नाही. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी भाषणात हेच कौतुकाने सांगितलं. महिला भगिनींना आता सावलीत बसून मासे सुकवता येतील, असं ते म्हणाले, आणि आमच्याच बायकांनी टाळ्या वाजवल्या, कारण समोर बसल्यावर टाळ्या वाजवायच्या असतात. माझ्या शेजारी वयनी बसली होती. तिने मान वर करून छपराकडे बघितलं, मग टेकडीकडे, मग बंधाऱ्याकडे. पदराचं टोक तिने हातात धरून थोडं वर उचललं. ते हललं नाही.

"वारा नाय गो," ती मला म्हणाली.

तरी तिने करून पाहिलं. ती न करता नाही म्हणणाऱ्यातली नाही. तोवर खळ्यावर काम सुरू झालं होतं. रोलर फिरला, लाल-राखाडी ब्लॉक बसले, पांढरे पट्टे ओढले. ती मांदेलीची टोपली घेऊन ओट्यावर गेली. पहिल्या दिवशी मासे ओले, दुसऱ्या दिवशी ओले, नंतर चिकट झाले. तिने ते ओट्याच्या पायरीवर, जिथे दुपारी थोडं ऊन येतं तिथे आणून पसरले. पायरीवर किती मावणार? शेवटी माश्या बसल्या, अळ्या पडल्या. तिने टोपली उचलली आणि खाडीत रिकामी केली. मी तिच्याबरोबर होते. मी कंपनीला, साहेबांना, त्या नम्र माणसाला तोंडाला येईल ते बोलत होते. ती मला म्हणाली, गप ऱ्हव, लोकां बघतत.

घरांच्या अंगणात सुकवून पाहिलं. अंगणात पोफळींची सावली, कोंबड्या, आणि समोर आता गाड्यांची धूळ. पर्यटकांच्या तक्रारी यायला लागल्या, वासाच्या. बाकीच्या बायकांनी एकेक करून सोडून दिलं. कोणी हॉटेलात भांड्यांना लागली, कोणी आंब्याच्या कॅनिंगला जाऊ लागली. मुलांनी मुंबईहून फोन केले, आई आता तरी ये. मला वाटलं, आता वयनी जाईल. घरात तिच्याशिवाय कसं होईल याचा मी विचारही करायला लागले होते.

ती गेली नाही. एक दिवस सकाळी ती मला म्हणाली, नाट्याला जाऊन येऊ. नाटे राजापूर तालुक्यात, एसटीने लांबचा पल्ला. कशाला, ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तिथे बंदराजवळ बायकांची खळी होती, अजून होती, सारवलेली, मासळीने भरलेली, आणि वारा असा की पदर धरून चालावं लागत होतं. वयनी एका म्हातारीपुढे बसली. बांगडा उचलून वाकवून पाहिला, नाकाशी नेला, नखाने मीठ खरवडून जिभेला लावलं. चांगला होता. मग तिने भाव विचारला. म्हातारीने सांगितला आणि वयनीने तो दिला, एक शब्द न बोलता. सबंध आयुष्यात तिने सुका मासा विकत घेतला नव्हता. कसा घ्यायचा, ते तिला येत नव्हतं.

मी म्हटलं, वयनी, जास्त सांगितला तिने. ती म्हणाली, सांगू दे, सुकवायला काय पडतां ता मला म्हायत हाय.

तेव्हापासून तसंच चाललंय. ती दर काही दिवसांनी नाट्याला जाते, पिशव्या भरून आणते, ओसरीवर टोपल्यांत मांडून ठेवते. ठरलेल्या गिऱ्हाइकांना तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की मासा आता नाट्याचा आहे. काही घरं तरीही नेतात, काही यायची बंद झाली. मी तिला म्हटलं होतं, सांगायची काय गरज होती? ती म्हणाली, माझा हात नाय त्याला, मिया कसां सांगू माझा म्हनून? मला त्या वेळी तिचा अभिमानही वाटला आणि चीडही आली. ज्यांनी आम्हाला इथवर आणलं, त्यातला एकही माणूस कोणाला काही खरं सांगायला बांधील नव्हता.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारी एक मोठी पांढरी गाडी समोर येऊन लागली, पट्ट्यांच्या बरोबर मध्ये. आतून नवरा-बायको आणि दोन मुलं उतरली, पुण्याकडची असावीत. बाई ओसरीशी आली. टोपल्या बघून तिला फार आनंद झाला. तिने हातात बांगडा घेतला, नवऱ्याला दाखवला, मोबाइलवर फोटो काढला. बोलायला गोड होती. म्हणाली, बाजारातलं आम्ही घेत नाही हो, भेसळ असते, काय काय फवारतात. अशा ठिकाणी आलं की कसं खात्रीचं मिळतं. मग तिने मान वळवून आजूबाजूला बघितलं, समुद्राकडे, गाडीकडे, आणि वयनीला विचारलं, "आजी, तुम्हीच सुकवता ना हे? इथेच?"

मी आतून बाहेर येत होते. दारातच थांबले. वयनीच्या हातात पिशवी होती. त्या महिन्यात विक्री अगदीच बसली होती, ते मला ठाऊक होतं.

"हो," वयनी म्हणाली. "हितंच."

बाईने पुष्कळ घेतलं. वयनीने पिशवीला गाठ मारली, वर मूठभर जवळ्याची पुडी फुकट घातली आणि माझ्याकडे एकदाही न बघता त्यांच्यामागून पायऱ्या उतरली. गाडी मागे घ्यायला त्या माणसाला जमेना, बाजूला दुसऱ्या गाड्या होत्या. तेव्हा वयनी खळ्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि हात हलवून त्याला दाखवू लागली, अजून येऊ दे, अजून थोडी मागे, जागा हाय.